अण्णांच्या हाताचा पुरवठादार

अण्णांच्या डोक्यातला सर्व्हर सुरू व्हायला एकोणतीस सेकंद लागायचे. तेवढ्या वेळात ते चहाचा कप डाव्या हातानं खाली ठेवत, उजवा हात मांडीवर घेत आणि पाहुण्याची वाट बघावी तसे त्याच्याकडे बघत बसत. मग बोटं हलायची. "आला," असं म्हणून ते उठायचे आणि कारखान्यात जायचे. पेणच्या आमच्या घरात दोन वर्षं सकाळ अशी उजाडत होती. त्या हातात नक्की कोण येतं, हे घरात दोघांनाच माहीत होतं. एक मला, आणि दुसरं माझ्या थोरल्या भावाला, रुपेशला.

चूक माझी होती हे आधीच सांगून टाकते. या चुकीची तक्रार कुठं झालेली नाही आणि होणारही नाही, कारण ज्यांनी करायची ती दोन्ही माणसं माझ्या घरातली आहेत आणि दोघंही एकमेकांना जपण्यात गुंतलेली आहेत.

आम्ही चौलकर. पेणमध्ये गणपतीचे कारखाने गल्लोगल्ली, त्यात आमचा काही फार मोठा नाही. पण शाडूची मूर्ती चौलकरांची आहे हे लांबून ओळखू येतं, ते डोळ्यांवरून. डोळे रंगवण्याला आमच्याकडे आखणी म्हणतात. मूर्ती दहा हातांतून जाते. कुणी माती साच्यात दाबतो, कुणी सोंड जोडतो, कुणी पितांबर रंगवतो. आखणी मात्र एकट्याची, घरातल्या कर्त्याची. आधी पांढरा, मग पापणीची रेघ, मग बुबुळ, आणि शेवटी त्यात पांढरा ठिपका. रेघ ओढताना श्वास धरायचा. आजोबांनी हा ब्रश अण्णांच्या हातात दिला तेव्हा अण्णा चोवीस वर्षांचे होते. अण्णांनी तो रुपेशदादाच्या हातात दिलाच नाही. दादा सतरा वर्षांचा असल्यापासून कारखान्यात आहे, आज त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झालेत. तडा गेलेल्या मूर्तींवर, फुटक्या ताटल्यांवर, माझ्या जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर तो डोळे काढत राहिला. अण्णा जाता-येता बघायचे आणि ठरलेलं वाक्य बोलायचे.

"तुझा गणपती गिऱ्हाइकाकडं बघतो रे. भक्ताकडं नाही बघत."

हे ऐकून मला लहानपणी हसू यायचं. मोठी झाल्यावर येईना. दादाला कधीच आलं नव्हतं.

मग अण्णांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. जीव वाचला, बोलणं आठवड्याभरात परत आलं, पाय महिन्याभरात. उजवा हात तेवढा गेला. जेवताना घास उचलता यायचा, पण ब्रश धरला की हात थरथरायचा. त्या वर्षी आखणी दादानं केली, दुसरा इलाजच नव्हता. मूर्ती गेल्या, गिऱ्हाइकांना काही फरक कळला नाही. अण्णांना कळला. सुकायला ठेवलेल्या मूर्तींची तोंडं ते डाव्या हातानं एकेक करून भिंतीकडे वळवून ठेवायचे. गणेशचतुर्थीला घरच्या आरतीला ते उभे राहिले नाहीत, पाय दुखतात म्हणाले. दिवाळीपर्यंत त्यांचं जेवण अर्ध्या पोळीवर आलं. अर्पितावहिनी मला फोन करून सांगायची, "केतकी, असं चाललं तर अण्णा वर्ष काढायचे नाहीत."

आणि मी पुण्यात एका कंपनीत नेमकं असे गेलेले हात पुन्हा चालवायचंच काम करत होते.

आता थोडं शास्त्र सांगते. ते समजल्याशिवाय मी काय केलं ते समजणार नाही.

मेंदूचा जो भाग बारीक कामासाठी हात चालवतो, तो मेला तरी 'रेघ ओढायची आहे' ही इच्छा मागच्या शाबूत भागात उमटतच असते. तिला हातापर्यंत पोचायला वाट नसते, एवढंच. आम्ही ती इच्छा टिपायची, तिला हातकामाच्या कौशल्याची जोड देऊन पुढच्या नसांना इशारा द्यायचा. हे काम लांबच्या एखाद्या इमारतीतल्या संगणकाकडून करून घेतलं तर जाण्यायेण्यात वेळ जातो. डोळ्याची पाती लवेल तेवढाच, पण तेवढ्यात पापणीची रेघ गालावर उतरते. म्हणून आम्ही सर्व्हरच आत नेला. दहाच्या नाण्याएवढा, कवटीच्या हाडाखाली. तो बाहेर कुणाला काही विचारत नाही. रात्री उशीतून भारित होतो आणि सकाळी स्वतः सुरू होतो.

तो सुरू कसा व्हावा याची चौकट माझी होती. तिच्यावर मला दोन पुरस्कार मिळालेत. चौकटीचा नियम असा, की कुठल्याही भागानं स्वतःला लागणारी गोष्ट स्वतः शोधायला जायचं नाही. 'मला हे लागेल' एवढंच जाहीर करायचं. चौकट यादी वाचते, पुरवठादार शोधते आणि लागेल ते आणून हातात ठेवते. पंगतीच्या आचाऱ्यानं पाणी म्हटलं की हंडा समोर यावा. कुठल्या विहिरीचं, कुणी ओढलं, हे त्याला ठाऊक नसलं तरी आमटी होते, आणि उद्या विहीर बदलली तरी आचाऱ्याला काही बदलावं लागत नाही. अण्णांच्या सर्व्हरची यादी तीन ओळींची होती. वीज. अण्णांची इच्छा. आणि बारीक हातकामाचा नमुना, आठ दिवसांपेक्षा शिळा नसलेला, रात्री उशीतूनच आत जाणारा. तिन्ही गोष्टी हातात आल्याशिवाय सर्व्हरनं दार उघडायचं नाही, कारण अर्धवट सुरू झालेला सर्व्हर हाताला झटके देतो. हे कलम मी भांडून घातलं होतं.

व्याख्यानांत मी एक वाक्य हमखास टाळ्या घेण्यासाठी म्हणायचे, की मागणाऱ्याला देणाऱ्याचं नाव कळता कामा नये.

तिसरी ओळ भरायची कशी, हा प्रश्न होता. हाताचा नमुना एरवी जिवंत माणसाच्या मेंदूतून घ्यावा लागतो. डोक्याला टोपी घालून त्यानं तासभर तेच काम करायचं. माझ्या मनात अण्णांचाच जुना हात होता. त्यांच्या आखणीचे वीस वर्षांचे व्हिडिओ घरात होते, त्यातून दर आठवड्याला ताजा नमुना काढू, असं मी अण्णांना सांगितलं.

"म्हणजे हात माझाच?" त्यांनी विचारलं.

"तुमचाच."

"दुसऱ्या कुणाचा घालायचा नाही. कंपनीतला कुणी चित्रकार-बित्रकार आणशील."

"नाही अण्णा."

त्यांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला. कागदावर पुरवठादार म्हणून त्यांचंच नाव होतं.

व्हिडिओतून नमुना निघाला नाही. हात बाहेरून कसा हलतो ते दिसतं, आतून काय निघतं ते दिसत नाही. शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली होती, ती गेली तर पुढची सहा महिन्यांनी मिळाली असती. आमच्या धंद्यात अशा वेळी जे सगळे करतात ते मी केलं. चाचणीपुरता एक बदली पुरवठादार जोडला. दादाला पुण्याला बोलावून टोपी घातली आणि ताटलीवर डोळे काढायला बसवलं.

"किती दिवस लागेल हे?" दादानं विचारलं.

"दोन महिने. तोवर अण्णांचा निघेल."

"आणि त्यांना कळलं तर?"

"कळणार नाही. तात्पुरतंच आहे रे."

तात्पुरतं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात टिकाऊ वस्तू आहे. हे मला त्या दिवशीही चांगलं माहीत होतं.

सर्व्हर पहिल्यांदा सुरू केला तेव्हा मी पडद्यावर ओळी मोजत होते. वीज आली. इच्छा आली. नमुना आला. दार उघडलं. अण्णांनी ब्रश उचलला, श्वास धरला आणि ताटलीवर डावीकडून उजवीकडे एका दमात पापणी ओढली. मग दुसरी. मग बुबुळ, मग ठिपका. ताटली हातात धरून ते रडले. मीही रडले. दादा काचेपलीकडे उभा होता आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "मी बुबुळ काढताना करंगळी टेकवतो. त्यांनी कधीच टेकवली नव्हती. आज टेकवली." एवढंच म्हणाला. मला वाटलं, अण्णांच्या ध्यानात येईल. त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दोन महिन्यांचे चार झाले, मग वर्ष झालं. अण्णांचा स्वतःचा नमुना निघणार नाही हे मला तिसऱ्याच महिन्यात कळलं होतं. कारखान्यातल्या दुसऱ्या दोघांचे नमुने मी गुपचूप लावून बघितले, अण्णांच्या नसांनी ते घेतले नाहीत. अण्णांच्या हाताखाली वाढलेलाच हात त्यांना चालत होता आणि तसा हात जगात एकच होता. घरून काम करते असं सांगून मी पेणला राहायला आले आणि माडीवरच्या माझ्या खोलीत टोपी आणून ठेवली. दर गुरुवारी अकरा वाजता अण्णा बाजारपेठेतल्या दवाखान्यात व्यायामाला जायचे. त्या तासात दादा वर यायचा, टोपी घालून डोळे काढायचा आणि अण्णा परत यायच्या आत खाली जाऊन मातीत हात घालायचा. स्वतःच्या घरात चोरासारखा. त्याला यातलं काही आवडत नव्हतं. पण अण्णा पुन्हा दोन पोळ्या खात होते आणि आरतीला सगळ्यात पुढं उभे राहत होते.

आणि अण्णा पुन्हा दादाला बोलायलाही लागले होते. हे मी धरलंच नव्हतं. दादाच्या हातानं काढलेले डोळे दादालाच दाखवून ते म्हणायचे, "बघ, याला आखणी म्हणतात. शीक जरा." दादा हो म्हणायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी घरबसल्या बघत होते, आणि तो माझ्याच चौकटीतून पडत होता.

दुसऱ्या वर्षीच्या ज्येष्ठात दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. पहिली म्हणजे मॉरिशसहून पत्र आलं. तिथल्या एका मराठी मंडळाला शाडूच्या मूर्तींचा कारखाना काढायचा होता. शिकवायला तीन वर्षांसाठी कारागीर हवा होता, घर देणार होते, वहिनीलाही शाळेत काम होतं. दादानं ताटलीवर काढलेल्या डोळ्यांचे फोटो वहिनीनं त्यांना परस्पर पाठवले होते. पत्रात लिहिलं होतं, 'ज्यांनी हे डोळे काढले त्यांनीच यावं.' महिनाअखेर कळवायचं होतं. तिथून नमुना पाठवता आला असता तर प्रश्नच नव्हता, पण मेंदूचा नमुना देशाच्या हद्दीपलीकडून आणायला कायद्यानं बंदी आहे. दादा गेला असता तर नवव्या दिवशी अण्णांचा सर्व्हर दार उघडणार नव्हता.

दुसरी गोष्ट म्हणजे गिरगावहून बापट आले. गेली चाळीस वर्षं ते घरची मूर्ती आमच्याकडून नेतात, अण्णांच्या आजारपणाचं वर्ष तेवढं सुतकामुळे चुकलं होतं. ठरवलेली मूर्ती बघायला आले आणि तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"मोरेश्वरराव, राग मानू नका," बापट म्हणाले. "तुमचे पूर्वीचे डोळे मोठे सुरेख होते. पण धाक वाटायचा. गेल्या वर्षापासून तो माझ्याकडे बघतो तेव्हा वाटतं, याला माझं घरचं सगळं ठाऊक आहे. काय केलंत?"

अण्णा खूश झाले. "आजारपणानं माणूस निवतो, बापट. हातात उतरतं ते." आणि मागं वळून हाक मारली, "रुपेश, ऐकलंस का? पंचवीस वर्षं सांगतोय तुला. डोळा काढायला आधी माणूस व्हावं लागतं."

दादा मोरीशी ब्रश धूत होता. त्यानं ब्रश झटकले, डब्यात उभे केले आणि माडीवर माझ्या खोलीत आला. दार लावून घेतलं.

"सांग त्यांना," तो म्हणाला.

"दादा—"

"मला मॉरिशसला जायची हौस नाही. अर्पिताला आहे थोडी, तिला मी समजावीन. मी इथं राहतो, मरेपर्यंत दर गुरुवारी टोपी घालतो. पण त्यांना एकदा कळू दे हात कुणाचा आहे ते. त्यांनी 'बरा आहे' म्हटलं तरी पुरे. नाही म्हटलं तर जातो. महिनाअखेरपर्यंत सांग."

"तूच का नाही सांगत?"

"मी सांगितलं तर ते मागितल्यासारखं होईल," दादा म्हणाला. पंचवीस वर्षांत त्यानं त्या माणसाकडे खरंच काही मागितलं नव्हतं.

मी धीर गोळा करायला चार दिवस घेतले. दुपारी कारागीर जेवायला गेले होते. अण्णा शेडमध्ये एकटेच होते, समोर पाटावर डोळे नसलेल्या मूर्ती ओळीनं मांडलेल्या. मी त्यांच्याशेजारी स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. व्हिडिओ, तारीख, टोपी, गुरुवार. लपवलं काहीच नाही. मला वाटत होतं, आधी चिडतील, मग हळूहळू त्यांच्या ध्यानात येईल की ज्याला पंचवीस वर्षं नावं ठेवली तो पोरगा तयार झालाय. बापाला याहून दुसरं काय हवं असतं? इतकी वर्षं माणसांच्या मेंदूत काम करून माझी ही समजूत होती.

अण्णांनी ब्रश पाण्यात बुडवून ठेवला. "किती दिवस?"

"पहिल्यापासून."

"सगळ्या मूर्ती?"

"हो."

"बापटांची?"

"तीही."

त्यांनी डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं उलगडून बघितली. मग म्हणाले, "मला कळलं नाही."

"अण्णा, कळायचं कसं, मीच खोटं—"

"मला कळलं नाही, केतके. रोज बघत होतो. माझ्या हातातून उतरत होतं आणि मी बघत होतो. हात गेला त्याचं मला एवढं नव्हतं. आजोबांचा पण गेला शेवटी. माझी नजर होती. कुठला डोळा कुणाचा, हे पेणमध्ये कुणालाही झोपेतून उठवून विचार, म्हणतील, मोरेश्वरला विचारा. दोन वर्षं मी त्याचेच डोळे त्यालाच दाखवून शिकवत होतो. आणि तो मान डोलवत होता."

"तो तुमच्यासाठी—"

"बंद कर ते."

मला आधी कळलंच नाही. "काय?"

"माझ्या डोक्यातलं. बंद कर."

मी समजावलं. हात जोडले. बंद केला तर मेंदूच्या नसा महिन्याभरात विसरतील, मग पुन्हा सुरू करता येणार नाही, असं सांगितलं. अण्णा ऐकत होते. कायद्यानं या बाबतीत रुग्णाचा शब्द शेवटचा, आणि हे कलमही माझ्याच शिफारशीनं आलेलं आहे. मी शेवटचं म्हणून विचारलं, "निदान दादाला एक शब्द बोला. तो तेवढ्यावर राहील. तुमचा हातही राहील."

"तो शब्द बोललो, की पन्नास वर्षं मी काय केलं?" अण्णा म्हणाले. "त्याला इतकी वर्षं बसवून ठेवलं ते कशासाठी? माझा शब्द खरा होता म्हणून. आता तो खोटा होता असं मी माझ्याच तोंडानं सांगायचं, आणि ते पण त्याचाच हात लावून घेऊन?" त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. "त्याला सांगायचं नाही मला कळलंय म्हणून. मशीन बिघडलं म्हण. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

मला त्यांचा संताप आला, तो अजून गेलेला नाही. कीवही आली. ती मात्र त्याच वेळी यायला नको होती, कारण तिच्यामुळेच मी फोन काढला, त्यांच्या अंगठ्याची खूण घेतली आणि सर्व्हर बंद केला. सुरू व्हायला एकोणतीस सेकंद घेणारी वस्तू बंद होताना एकही घेत नाही. अण्णांचा हात मांडीवर पडला.

संध्याकाळी दादा आला तेव्हा अण्णा खुर्चीत बसले होते, हात पंच्याखाली झाकून. मी त्याला अंगणात गाठून सांगितलं, की सर्व्हर बंद पडला, आतला काहीतरी दोष आहे, पुण्याला विचारतेय.

"तू सांगितलं होतंस त्यांना? त्याच्या आधी?"

मी नाही म्हटलं.

मला वाटलं, आता हा चिडेल. चार दिवस काय करत होतीस म्हणेल, पत्र काढेल, जातो म्हणेल. मनातून मला तेच हवं होतं. पण दादा पायरीवर बसला आणि त्यानं सुस्कारा सोडला. त्याला हायसं वाटलं होतं हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"बरं झालं," तो म्हणाला. "आता सांगू नकोस. हात गेलाय, त्यात हे कळलं तर मोडतील ते. आपलं म्हणून होतं तेवढं तरी राहू दे त्यांच्याकडं." आणि जरा वेळानं, "दुरुस्त होईल ना?"

"बघते."

"मी मंडळाला नाही म्हणून कळवतो. मशीन कधीही सुरू होईल आणि मी तिकडं असलो तर काय उपयोग. नमुना ताजा लागतो ना? मी गुरुवार मोडत नाही."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. शपथ अण्णांच्या गळ्याची होती, माझ्या नव्हे. पण खरं सांगायचं तर त्याला असं सांगावं लागलं असतं, की तुझा हात स्वतःच्या हातात आहे हे कळल्यावर त्यांनी हातच नको म्हटलं. ते वाक्य मी मनात तीनदा जुळवून बघितलं आणि तीनदा गिळलं. घरात खरं ठाऊक असलेली आता मी एकटीच होते. बाकी दोघांकडे अर्धंअर्धं होतं, आणि आपल्याकडचं अर्धं दुसऱ्याला कळू नये म्हणून दोघंही मला धरून होते.

मॉरिशसला तळा गावचा कुणी दुसरा कारागीर गेला. वहिनी माझ्याशी कामापुरतं बोलते. या वर्षी आखणी दादानंच केली. मूर्तींची तोंडं कुणी भिंतीकडे वळवली नाहीत. अण्णा शेडमध्ये येतच नाहीत, खुर्ची ओट्यावर घेऊन रस्त्याकडे तोंड करून बसतात. बापट मूर्ती न्यायला आले आणि त्यांनी परत डोळ्यांचं कौतुक केलं, तेव्हा अण्णा म्हणाले, "रुपेशला सांगा, तो आत आहे." बापट आत गेले. अण्णा तेवढ्यात उठून घरात निघून गेले.

महिना केव्हाच उलटून गेला आहे. अण्णांच्या नसा आता विसरल्या. जगातला कुठलाही नमुना आणला तरी ते दार उघडायचं नाही. दादाला मी सांगितलंय, पुण्याहून सुटा भाग यायचाय.

आज गुरुवार. सव्वादहाला अण्णांनी अंघोळ केली, वहिनीकडून सदऱ्याची बटणं लावून घेतली. दवाखान्यातला व्यायाम डॉक्टरांनी केव्हाच थांबवलाय, त्या हाताला आता त्याचा उपयोग नाही. ते जाऊन पारावर बसतात हे मला बाजारातल्या लोकांकडून कळलं, दादाला यातलं काही माहीत नाही. अकराला पाच कमी असताना त्यांनी काठी घेतली आणि जिन्याखाली थांबून वर बघत मला विचारलं, "रुपेश आला का वर?"

"येतोय," मी म्हटलं.

"मग मी निघतो. बाराशिवाय येत नाही मी." आणि ते उन्हात गेले.

दादा वर आला, हात पुसून बसला. मी त्याच्या डोक्यावर टोपी घातली, पट्टा आवळला, यंत्र चालू केलं. त्यानं ताटली पुढं ओढली, श्वास धरला आणि पापणी ओढली. तासभर मी तो नमुना नोंदवत राहिले.

"नीट आला का?" टोपी काढताना त्यानं विचारलं.

"नीट आला," मी म्हटलं.